बॉस्टनच्या थंडीत हीट पंप: चौथ्या हिवाळ्यातला रिव्ह्यू

बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहतो, घर जुनं, तळघरात घर तापवणारा तेलावरचा बॉयलर होता, आणि 2022 ला तेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं तेव्हा बायको म्हणाली आता बास, बदलूया. ठरला हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात सोडणारं विजेवरचं मशीन. सगळ्यांनी घाबरवलं की हा म्हणजे उलटा एसी, खऱ्या थंडीत मान टाकतो. जुन्या मशीनबद्दल ते खरंच होतं. आम्ही घेतला तो व्हेपर इंजेक्शनच्या (ते काय ते पुढे सांगतो) इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या, कॉम्प्रेसरवाला. ब्रँड लिहीत नाही कारण हे तंत्र आता बऱ्याच कंपन्यांच्या कोल्ड क्लायमेट मॉडेलमध्ये आहे आणि मला बोलायचंय ते कॉम्प्रेसरबद्दल.

बाहेर कडाका पडला की कॉम्प्रेसरकडे येणारा, ऊब वाहून नेणारा गॅस विरळ होतो, म्हणजे हाताला कमी लागतो पण दाबावा जास्त लागतो, मग तो भलताच तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. नेमकी गरज असते तेव्हाच ऊब कमी. व्हेपर इंजेक्शनमध्ये काय केलंय, हा गॅस घरात ऊब सोडून द्रव होऊन परत निघतो, त्यातला थोडा भाग बाजूला काढतात, त्याचा गार गॅस करतात आणि दाबणं अर्ध्यावर आलेलं असताना मध्येच कॉम्प्रेसरमध्ये सोडतात. दूध उतू जायला लागलं की आपण पाण्याचा हबका मारतो ना, तसा ताप खाली बसतो, मशीन पूर्ण वेगात पळत राहतं, आणि मध्येच सोडलेला तो जास्तीचा गॅस घरात जास्त ऊब आणतो.

खरी परीक्षा 4 फेब्रुवारी 2023 ला झाली. बॉस्टनला मायनस 10 फॅरनहाइट म्हणजे मायनस 23 सेल्सिअस, 1957 नंतर एवढी थंडी पडलीच नव्हती. नाशिकहून आई आलेली, मी रात्रभर थर्मोस्टॅट बघत बसलो. 20 सेल्सिअसवर सेट केलेलं घर पहाटे 19 वर होतं, बस एवढंच. पहाटे आई घाबरून म्हणाली, "अरे बाहेर मशीनमधून धूर येतोय!" तो धूर नव्हता, डीफ्रॉस्ट होता. कॉइलवर बर्फ धरतो तो वितळवायला मशीन काही मिनिटं उलटं चालतं आणि वाफेचा लोट उठतो.

आईची दुसरी तक्रार अशी की हवा गरम नाही, कोमटच येते. बरोबर आहे तिचं. बॉयलरसारखा झटका नसतो, हळूहळू सतत चालतं, म्हणून रात्री तापमान फार खाली करू नका, सकाळी परत चढायला खूप वेळ लागतो.

पैशाचं खरं सांगतो, पहिल्या हिवाळ्यात वीज इतकी महागली की बिल तेलापेक्षा जास्त आलं आणि मला मनापासून वाईट वाटलं. मास सेव्ह या इथल्या ऊर्जा-बचत योजनेची 10,000 डॉलरची रिबेट मिळाली म्हणून निभावलं. आता नोव्हेंबर 2025 पासून हीट पंपवाल्यांना हिवाळ्यात स्वस्त दर लागू झालाय, त्याने बराच फरक पडतोय.

एका गोष्टीत मात्र आम्ही थोडक्यात वाचलो. पहिला कॉन्ट्रॅक्टर घर न मोजताच पाच टनाचं मशीन गळ्यात मारत होता. दुसऱ्याने खिडक्या, भिंती, माळा सगळं मोजून तीन टन सांगितलं. इन्व्हर्टर असला तरी एका मर्यादेखाली वेग जात नाही, त्यामुळे मोठं मशीन ऑक्टोबरच्या हलक्या थंडीत सारखं चालू-बंद होत राहतं, वीजही जाते आणि कॉम्प्रेसरही झिजतो. आम्ही आधी माळ्यावर इन्सुलेशन भरून घेतलं, मगच मशीन बसवलं, आणि ते जमिनीपासून वर स्टँडवर, नाहीतर बर्फात गाडलं जातं.

घेताना ब्रोशरवरचा ऊबेचा मोठा आकडा बघू नका, तो 47 फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण 8 सेल्सिअसचा असतो. नीप (NEEP) या ऊर्जा-बचतीवर काम करणाऱ्या संस्थेच्या कोल्ड क्लायमेट यादीत मॉडेल शोधा आणि 5 फॅरनहाइटला, म्हणजे मायनस 15 सेल्सिअसला, किती बीटीयू (ऊब मोजायचं एकक) देतो तो आकडा बघा. सेल्समनला तो सांगता येत नसेल तर सरळ दुसऱ्याकडे जा.