लिनिअर अल्जेब्रासाठी एमआयटीचा १८.०६ : भारी कोर्स, पण नुसता बघू नका

एमआयटी ओपन कोर्सवेअर या एमआयटीच्या फुकट कोर्सच्या साइटवरचा प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांचा हा कोर्स (१८.०६ हा त्याचा नंबर) पूर्ण फुकट आहे, लॉगिनपण लागत नाही, आणि गेट किंवा मशीन लर्निंगसाठी लिनिअर अल्जेब्रा परत उकरून काढणाऱ्या प्रत्येकाला मी डोळे झाकून हाच सांगतो. लेक्चर १९९९ ची आहेत, फळा-खडूवाली, चित्र जरा धूसर, पण त्याचं काही वाटत नाही.

पहिल्याच लेक्चरमध्ये स्ट्रँग दोन समीकरणं घेतात, २एक्स − वाय = ० आणि −एक्स + २वाय = ३. आपण शाळेपासून दोन रेषा काढून (१, २) हा छेदनबिंदू शोधतो आणि मोकळे होतो. हे मग एक्स आणि वायच्या सहगुणकांचे कॉलम उभे धरतात, (२, −१) एकदा घ्या, (−१, २) दोनदा घ्या, बेरीज करा, (०, ३) येते, म्हणजे समीकरणांची उजवी बाजू. बास! कॉलम स्पेस (कॉलमच्या पटी आणि बेरजा करून जे जे मिळतं ते सगळं), रँक (त्यातले एकमेकांपासून न बनणारे कॉलम किती) सगळं पुढे यावरच उभं राहतं. आमच्या कॉलेजात रँक म्हणजे एशलॉन फॉर्म (पायऱ्यांसारखी मांडणी) करा, नॉन-झीरो रो मोजा, मार्क घ्या, विषय संपला.

आता गोची अशी की हा माणूस इतकं सोपं करून सांगतो की बघणाऱ्याला वाटतं आपल्याला आलंच, मग लोक दीडच्या स्पीडने एका रात्रीत तीन-तीन लेक्चर संपवतात आणि प्रॉब्लेम सेट उघडला की पहिल्याच प्रश्नाला पेन हलत नाही. खरा माल त्या प्रॉब्लेम सेटमध्येच आहे. त्यांनी फळ्यावर प्रश्न टाकला की व्हिडिओ थांबवा, आधी स्वतः सोडवा. उत्तरं साइटवरच आहेत म्हणून हात शिवशिवतो, पण अर्धा तास झटापट केल्याशिवाय उघडायची नाहीत, आणि उघडलीच तर दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर परत. कंटाळा येतो, येऊ दे.

युनिव्हर्सिटीच्या पेपरसाठी मात्र एवढ्यावर भागणार नाही हं. तिथे ३×३ मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स काही ठरावीक व्हेक्टरना नुसतं जितक्या पट करतं ते आकडे), केली-हॅमिल्टन प्रमेयावरची गणितं वगैरे घड्याळ लावून काढावं लागतं, तो हात जुने पेपर सोडवूनच बसतो. काटेकोर प्रूफ हवी असतील तरी इथे थोडी निराशाच होईल.

माझ्याकडून साडेचार स्टार. एकट्याने अभ्यास करणार असाल तर याचंच १८.०६एससी व्हर्जन घ्या, त्यात असिस्टंट लोक एकेक गणित सोडवून दाखवतात आणि सुरुवातीला तेच म्हणतात, व्हिडिओ थांबवून तुम्ही करून बघा.