जाहिरातीतला तो हारवाला शेतकरी मीच

मशरूम कंपनीच्या जाहिरातीत हार घालून, हातात चेक धरून हसणारा तो माणूस मीच. परवा वाशिमकडून एकाचा फोन आला, "दादा, पैसे खरंच मिळाले का?" मिळाले. एकदाच.

सोयाबीनचं कुटार, पऱ्हाट्या, आरामशीनचा भुसा यांवर औषधी मशरूम येतं, हे खोटं नाही. एका कंपनीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं आणि 200 रुपयांना एक अशा गॅनोडर्मा या औषधी मशरूमच्या, भुसा आणि बी भरलेल्या 50 तयार पिशव्या आणल्या. साडेतीन महिन्यांत तांबूस, वार्निश मारल्यासारखे चकाकणारे, लाकडासारखे टणक मशरूमचे पंखे आले. वाळवून अडीच किलो भरले. कंपनीने साडेपाच हजार रुपये किलोने उचलले. फोटो तेव्हाचा.

मग हाव सुटली. बायकोचं सोनं तारण ठेवून 600 पिशव्या मागवल्या. 1 लाख 20 हजार, तेही आगाऊ.

नवव्या दिवशी हिरवी बुरशी. कंपनी म्हणे, "तुमच्या खोलीत स्वच्छता नाही." मलाही ते पटलं, दोन दिवस फिनाईलने फरशी पुसत होतो! शेवटी चार पिशव्या कृषी महाविद्यालयातल्या सरांकडे नेल्या. त्यांनी एक ब्लेडने उभी चिरली. तोंडाजवळचा भुसा स्वच्छ, हिरवं सगळं गाभ्यात. "खोलीतून लागण झाली असती, तर तोंडाकडून सुरू झाली असती," सर म्हणाले. बी टाकण्याआधी भुसा भरलेल्या पिशव्यांना 121 अंशांवर, दाबाखाली दीड-दोन तास वाफ द्यावी लागते. गाभा तेवढा तापलाच नव्हता. तुम्ही घेणार असाल, तर दोन-चार पिशव्या चिरून गाभा बघा.

घरी येऊन करार वाचला. (हो, तेव्हा पहिल्यांदा.) "कंपनीच्या निकषांत बसणारा मालच खरेदी केला जाईल." निकष कुठेच नाहीत. पिशव्या खराब निघाल्या तर काय, त्यावर एक ओळ नाही. बिलावर पिशव्यांऐवजी "प्रशिक्षण साहित्य". पोलीस ठाण्यात सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. आणि कंपनी सोडून हा माल घेतं कोण, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. ढिंगरी या भाजीच्या मशरूमसारखा तो भाजीबाजारात खपत नाही.

पिशव्या उकिरड्यात गेल्या. ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. जाहिरातीतून माझा फोटो काढून टाका म्हणून कंपनीला चारदा सांगितलं. काल पाहिलं, तर त्याच फोटोखाली प्रशिक्षणाच्या नव्या बॅचची तारीख.