शेफिल्डमध्ये एकच संध्याकाळ: स्टेशनातला ‘टॅप’ की केलम आयलंडचा ‘फॅट कॅट’?

दर सप्टेंबरात शेफिल्डच्या दोन विद्यापीठांत मराठी मुलामुलींची नवी तुकडी येते. खोली, बँक, हिटरचं बिल हे सगळं मार्गी लागलं की कुणीतरी विचारतंच, ‘ताई, एखादा चांगला इंग्लिश पब दाखव ना, जिथे खूप प्रकारची रिअल एल मिळते.’ पुढे कुणाचे आईबाबा येतात, कुणाचा मित्र लंडनहून एका दिवसासाठी येतो, आणि प्रश्न अवघड होतो. संध्याकाळ एकच आहे, जायचं कुठे?

मी दोन नावं सांगते. रेल्वे स्टेशनातला ‘शेफिल्ड टॅप’ आणि केलम आयलंड भागातला ‘फॅट कॅट’. दोन्हींमध्ये पायी वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर. हातपंप दोन्हीकडे दहाच्या आसपास. पण दोन्हीकडची संध्याकाळ अगदी वेगळी असते, आणि निवड चुकली तर पाहुणा ‘बिअर कोमट होती’ एवढंच लक्षात ठेवून परत जातो. मला ते फार लागतं.

आधी रिअल एलबद्दल, कारण निवड तिच्यावरच ठरते. ही बिअर गाळून, पाश्चराइज करून बंद केलेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं आणि पबच्या तळघरात पोचल्यावरही आंबणं चालू असतं. तिला बाहेरून गॅसचा दाब देत नाहीत. काउंटरवरचा दांडा ओढला की ती हातपंपाने तळघरातून वर येते. फसफस तिची तिचीच, म्हणून सौम्य. तापमान ११ ते १३ अंश, म्हणजे फ्रिजमधल्या बाटलीसारखी थंड नाही, माठातल्या पाण्यासारखी गार. मोठ्या कंपन्या सगळीकडे बंद पिंपातून गॅसच्या दाबाने येणारी केग बिअर आणू लागल्या, तेव्हा ही जुनी पद्धत वाचवायला १९७१ साली ग्राहकांनीच ‘कॅम्रा’ ही संघटना उभी केली. ‘रिअल एल’ हा शब्द रूढ झाला तो त्यांच्यामुळे.

आपल्या माणसांना हे समजावताना मला नीरा आठवते. पहाटेची नीरा आणि ऊन चढल्यावरची नीरा यांतला फरक आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. पिंपाचंही तसंच, फक्त तासांच्या जागी दिवस. नेहमीच्या पिंपाला इथे फर्किन म्हणतात. त्यात ७२ पिंट, सुमारे ४१ लिटर मावते. उघडलं की हवा आत जाते आणि ते साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. पुढे बिअर आधी निस्तेज होते, मग आंबट. म्हणून ‘आमच्याकडे वीस प्रकार’ अशी पाटी पाहून मी हुरळत नाही. प्रकार वीस आणि गिऱ्हाइकं चार असतील, तर वीसही पिंपं शिळी होणार.

हे मी अनुभवातून शिकले. दुसऱ्या एका शहरात, पंपांची लांबलचक रांग असलेल्या पबमध्ये सोमवारी दुपारी मी एकटीच गिऱ्हाईक होते. पहिलाच घोट व्हिनेगरसारखा लागला. रिअल एलची चवच अशी असेल असं वाटून मी मुकाट्याने अर्धा पिंट संपवला, आणि पुढे वर्षभर या बिअरच्या वाटेला गेले नाही. एक अख्खं वर्ष वाया गेलं. आज मी ग्लास परत काउंटरवर ठेवेन आणि म्हणेन, ‘ही आंबल्यासारखी वाटतेय, जरा बघता का?’ चांगल्या पबमध्ये याचा कुणाला राग येत नाही, लगेच दुसरी देतात.

तेव्हा कुणी ‘कुठे जाऊ’ विचारलं की मी आधी वार आणि वेळ विचारते.

टॅप

मंगळवारची दुपार असो की गुरुवारची रात्र, टॅपमध्ये गर्दी असते, कारण तो फलाटालाच लागून आहे. गाड्या दिवसभर येत-जात राहतात, माणसं उतरतात, चढण्याआधी अर्धा तास थांबतात. पिंपं भराभर रिकामी होतात. इतके प्रकार ठेवूनही बिअर ताजी राहते ती यामुळे. आडवाराला, आडवेळेला जाणार असाल तर मी डोळे झाकून टॅप सांगते.

जागाही बघण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला स्टेशन वाढवलं, तेव्हा प्रवाशांसाठी बांधलेली ही उपाहारगृहाची दालनं. नंतर कित्येक वर्षं ती बंद आणि दुर्लक्षित होती. २००९ मध्ये दुरुस्त करून तिथे पब उघडला. भिंतींवर जुन्या फरशा, काउंटरमागे कोरीव लाकूड आणि आरसे, मान वर करून बघावं असं छत. २०१३ मध्ये शेजारचं जेवणाचं मोठं दालनही उघडलं आणि बिअर बनवायची भांडी तिथेच मांडली. म्हणजे ग्लास हातात घेऊन बिअर जिथे शिजते ते बघत बसता येतं.

प्रकारांची खरी रेलचेल इथेच आहे. हातपंपांबरोबर केगचे नळ आहेत आणि बाहेरदेशच्या बाटल्याही. पुण्यातून आलेल्यांना हे सोयीचं पडतं. पुण्यात २००९ साली ‘डुलाली’ सुरू झाली, ती भारतातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. तिच्यापासून आपल्याकडे ताज्या बिअरची जी चव तयार झाली ती थंडगार, फसफसणारी. त्या चवीची सवय असेल तर पहिल्याच घोटाला हातपंपाची एल पचनी पडत नाही. टॅपमध्ये दोन्ही शेजारीशेजारी मिळतात. जाता जाता सांगते, ‘डुलाली’ हा इंग्रजीत वेड लागण्याला वापरला जाणारा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला आहे. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सैनिक महिनोन्महिने अडकून पडायचे. मी नाशिकची आहे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

टॅपमध्ये एक प्रयोग आवर्जून करा. टॅपच्या उभारणीत डर्बीशायरच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीचा हात होता. तिची ‘जयपूर’ नावाची आयपीए (हॉप्स ही कडवट, सुगंधी फुलं भरपूर घातलेली एल) २००५ पासून निघते. ती हातपंपावर आणि केगवर दोन्हीकडे असेल, तर दोन्हींचा एकेक तृतीयांश पिंट मागा. पिंट, अर्धा आणि तृतीयांश ही तिन्ही मापं इथे कायदेशीर आहेत, त्यामुळे कमी मागायला लाजू नका. एकच बिअर दोन वाटांनी आली की काय होतं ते त्या दोन घोटांत कळतं. केगवर हॉप्सचा वास आधी येतो आणि ती जिभेला बोचते. पंपावर तीच बिअर गोलसर लागते, मागे माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा, गोडवा रेंगाळतो. मात्र जयपूरमध्ये ५.९ टक्के अल्कोहोल आहे. नेहमीची बिटर, म्हणजे इथली रोजची साधी एल, चारच्या आसपास असते, म्हणून जयपूरचे पिंट बिटरसारखे मोजू नयेत.

टॅपच्या उणिवाही सांगायला हव्यात. तिथे निवांतपणा नाही. बॅगा पायांत येतात, शेजारच्या टेबलावरची माणसं दर वीस मिनिटांनी बदलतात, बोलणं रंगात आलं की कुणीतरी घड्याळ बघून उठतं. फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी तर तिकडे फिरकू नये. आणि पोटभर जेवण मिळत नाही, खाणं किरकोळच.

फॅट कॅट

केलम आयलंड हे खरोखर बेट आहे, डॉन नदीतून बाराव्या शतकात गिरणीसाठी पाट काढला त्याने तयार झालेलं. पुढे तिथे पोलादाचे कारखाने आले, ते बंद पडले, आणि आता त्याच विटांच्या इमारतींत फ्लॅट आणि कॅफे आहेत. या सगळ्या बदलात आल्मा स्ट्रीटवरचा हा छोटा पब टिकून आहे. दोन लहान खोल्या, थंडीत पेटलेली शेगोटी, मागे अंगण.

१९८१ साली डेव्ह विकेट यांनी हा पब घेतला. ते शेफिल्ड पॉलिटेक्निकमध्ये अर्थशास्त्र शिकवायचे. तेव्हा शहरातले बहुतेक पब कुठल्या ना कुठल्या मोठ्या ब्रुअरीच्या मालकीचे होते आणि मालकाचीच बिअर विकायचे. विकेट यांनी ठिकठिकाणच्या छोट्या ब्रुअऱ्यांची पिंपं आणायला सुरुवात केली. १९९० मध्ये पबला लागूनच स्वतःची केलम आयलंड ब्रुअरी काढली. तिच्या ‘पेल रायडर’ला २००४ साली कॅम्राचा देशातल्या सर्वोत्तम बिअरचा किताब मिळाला. थॉर्नब्रिज उभी करतानाही विकेट यांची मदत होती. ते २०१२ मध्ये गेले, ब्रुअरी २०२२ मध्ये बंद पडली, आणि आता पेल रायडर थॉर्नब्रिजच बनवते. स्टेशनातल्या झगमगत्या टॅपची मुळं अशी या दोन खोल्यांपर्यंत जातात. हे कळल्यापासून माझं मन इकडेच जास्त ओढ घेतं.

इथे एल खेरीज फारसं काही मागायचंच नसतं, आणि नवख्या माणसाला मी इकडे पाठवते ते त्यामुळेच. काउंटरवरच्या माणसाला ‘मी पहिल्यांदाच पितोय, फार कडू नको’ म्हणा. तो दोन-तीन प्रकार थेंबथेंब चाखायला देईल, त्याचे पैसे पडत नाहीत. उत्तर इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे नळीच्या तोंडाला बारीक छिद्रांची टोपी असते, तिच्यातून बिअर आली की वर दाट सायीसारखा फेस धरतो. दक्षिणेकडे तो फेस आवडत नाही. मला त्या फेसाशिवाय एल उघडी वाटते.

वेळ मात्र सांभाळा. इथली गिऱ्हाइकं संध्याकाळची आणि शनिवार-रविवारची. गुरुवार ते रविवार संध्याकाळी बिनधास्त जा. सोमवारी दुपारी जाणार असाल तर ‘आज कुठलं पिंप नवं उघडलंय?’ विचारून तेच घ्या.

माझे बाबा आले होते तेव्हा मी त्यांना इथे आणलं. बाबा अंबडच्या एमआयडीसीत फिटर होते, आयुष्यात कधी दारूला शिवले नाहीत. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत शेफिल्डचा शिक्का असलेली एक कानस होती, लहानपणी आम्हाला तिला हात लावायची बंदी होती. आधी आम्ही जवळच्या केलम आयलंड म्युझियममध्ये गेलो. तिथे १९०५ सालचं, १२,००० अश्वशक्तीचं वाफेचं रिव्हर डॉन इंजिन आहे. बाबा त्याच्याभोवती तासभर फिरले. मग फॅट कॅटमध्ये ते शेगोटीजवळ लिंबाचं सरबत घेऊन बसले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना तोडकंमोडकं इंग्रजी जोडून त्यांनी कानशीची गोष्ट सांगितली, आणि ते आजोबा निघाले पोलाद कारखान्यातले. दोघं पाऊण तास बोलत होते. मध्ये मी एकदाही दुभाषी झाले नाही. असं टॅपमध्ये घडलं नसतं, कारण तिथे त्या आजोबांची गाडी सुटायची असती.

दोन-तीन गोष्टी, ज्या सगळे मला विचारतात

शाकाहारी असाल तर एक नीट विचारा. पिंपातला गाळ लवकर खाली बसावा म्हणून बऱ्याच एलमध्ये आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या वाताशयापासून करतात. पालघरचे कोळी घोळ माशाच्या याच पिशवीला भोत म्हणतात. गाळाबरोबर ते खाली बसतं, तरी ज्यांना नको त्यांना नकोच. ‘व्हीगन’ लिहिलेली किंवा न निवळलेली, थोडी गढूळ दिसणारी एल दोन्हीकडे विचारून मिळू शकते. टॅपमध्ये पर्याय जास्त असल्याने हे सोपं जातं. जेवायचंच असेल तर फॅट कॅट, पण स्वयंपाकघराची वेळ आधी विचारून.

एकटीने जायचं का, असं मुली विचारतात. दोन्हीकडे मी एकटी गेले आहे. टॅपमध्ये पुस्तक उघडून बसा, सगळे तुम्हाला गाडीची वाट बघणारी प्रवासी समजतात. फॅट कॅटमध्ये कुणीतरी बोलायला येण्याची शक्यता जास्त. तुम्हाला काय हवंय त्यावर ठरवा.

वेटर कुठेच येत नाही. काउंटरवर जायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही पण असते, आपल्या आधी कोण आलं ते लक्षात ठेवायचं. वय लहान दिसत असेल तर ओळखपत्र जवळ हवंच.

तिसरं नाव हवं असेल तर फॅट कॅटपासून चार पावलांवरचा केलम आयलंड टॅव्हर्न. २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं तो कॅम्राचा देशातला सर्वोत्तम पब ठरला होता. फॅट कॅटमध्ये जागा नसेल तर मुळीच हळहळू नका. वेदरस्पून साखळीतल्या पबांत एल स्वस्त मिळते, विद्यार्थ्यांच्या खिशाला ते बरं. पण पाहुण्याला एकच संध्याकाळ असताना मी तिकडे नेणार नाही.

चौघं-पाचजण आहेत, प्रत्येकाला वेगळं काही प्यायचं आहे, गाडी पकडायची आहे, तर टॅप. दोघंच आहात, बोलायचं आहे, सोबत न पिणारं वडीलधारं माणूस आहे, तर फॅट कॅट. आणि पाहुणा रात्रीच्या गाडीने जाणार असेल तर दुपारी लवकरच ट्रॅमने शेल्समूरला उतरा, म्युझियम बंद व्हायच्या आत इंजिन बघा, दोन तास फॅट कॅटमध्ये बसा, मग चालत स्टेशनात या आणि शेवटचा तृतीयांश पिंट टॅपमध्ये घ्या. फलाट दाराबाहेरच आहे.