टिंग वाजलं की आई घाबरायची, क्रूनं समजावलं (संभाजीनगर ते मुंबई विमान)

मागच्या महिन्यात आईला घेऊन चिकलठाण्याहून मुंबईला विमानानं गेलो, तिचा पहिलाच विमानप्रवास, अन् केबिन क्रूला माझ्याकडून पाच पैकी पाच. विमान एअरबसचं. वर गेल्यावर थोड्या वेळात टिंग वाजलं तर आईनं माझा हात असा गच्च धरला की तिच्या बांगडीचा वण उठला, "काय बिघडलं का रे?" शेजारून जाणाऱ्या ताईंनी ऐकलं अन् थांबून मराठीत सांगितलं, मावशी काही नाही, पट्ट्याचा दिवा लागला नाहीतर विझला की एकदा टिंग वाजतं. कुणी डोक्यावरचं बटण दाबलं तरी एकदाच वाजतं पण जरा वरच्या सुरात, अन् तिथं निळा दिवा लागतो. वर-खाली दोन सुरांचं टिंग-टाँग म्हणजे आमचा आपसातला फोन, कॉकपिटमधून किंवा मागच्या क्रूकडून. सिगारेटवर काट मारलेला दिवा मात्र शेवटपर्यंत चालूच राहतो.

एवढं सांगायला त्यांना दोन मिनिटं लागली असतील पण आईचा सगळा प्रवास सोपा झाला.

एक तक्रार, अनाऊन्समेंट सगळ्या हिंदी-इंग्रजीत. मराठवाड्यातून बसणारी निम्मी माणसं आईसारखी असतात, मराठीत पण सांगा ना.

घाटाच्या वर ढगात हादरे बसायला लागले, टिंग झालं, मी मोबाईलमध्येच होतो तर आईच म्हणली, "पट्टा बांध, दिवा लागलाय."