स्टबहबवर तिकिटं विकताना: कमिशन, अडकलेले पैसे आणि दंड

कॉन्सर्टची तिकिटं घ्यायची आणि चढ्या भावाने विकायची, हा विचार करणाऱ्यांच्या यादीत स्टबहब या तिकिटांच्या फेरविक्रीच्या अमेरिकी संकेतस्थळाचं नाव पहिलं असतं. कंपनी २००० सालची. २००७ मध्ये ती ईबेकडे गेली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये व्हायागोगो या फेरविक्रीतल्याच दुसऱ्या कंपनीने ती ४.०५ अब्ज डॉलरला घेतली. आता उत्तर अमेरिकेत स्टबहब आणि इतरत्र व्हायागोगो, अशी एकाच मालकाची दोन दुकानं आहेत. हे परीक्षण फक्त विक्रेत्याच्या बाजूने आहे.

तिकीट विक्रीला लावणं खरोखर सोपं आहे. कार्यक्रम निवडायचा, विभाग, रांग आणि आसन क्रमांक भरायचे, किंमत टाकायची आणि तिकीट हातात कधी येणार ती तारीख द्यायची. इथे घाईत एक पर्याय हमखास सुटतो. चार तिकिटं लावली आणि कुणी तीन उचलली, तर उरलेलं एकटं तिकीट पडेल भावाने द्यावं लागतं, कारण मैफलीला माणसं बहुतेक जोडीने जातात. म्हणून 'एक तिकीट मागे उरू नये' ही अट विक्री लावतानाच निवडा.

आता हिशेब. विक्रेत्याकडून कमिशन साधारण १५ टक्के कापलं जातं. तिकिटाची छापील किंमत ८० डॉलर आणि बुकिंगचं शुल्क २० धरलं, तर तुमचा खर्च १०० झाला. तो नुसता भरून निघायला तिकीट ११८ ला जावं लागतं. १३० ला विकलं तर हातात ११०.५० येतात, म्हणजे नफा साडेदहा. खरेदीदाराकडून वेगळं शुल्क घेतात ते निराळंच. अमेरिकेत मे २०२५ पासून सगळी शुल्कं धरून एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते, त्यामुळे गिऱ्हाईक त्या मोठ्या आकड्यांचीच तुलना करतं. छापील किमतीच्या दीडपट भाव मिळाला की मोठी कमाई झाली असं वाटतं, पण या उदाहरणात दीडपट म्हणजे १२०, आणि त्यातून जेमतेम २ सुटतात.

पैसे कार्यक्रम झाल्यावर मिळतात. यामागे २०२० चा धडा आहे. तोवर अनेक विक्रेत्यांना आधीच पैसे दिलेले असत. महामारीत कार्यक्रम धडाधड रद्द झाले, ते पैसे परत गोळा होईनात आणि अमेरिकेतल्या ग्राहकांना परताव्याऐवजी पुढच्या खरेदीत वापरायचं १२० टक्क्यांचं क्रेडिट देऊ केलं गेलं. पुढे सरकारी वकिलांच्या दबावाने परतावे द्यावे लागले. खरेदीदाराच्या दृष्टीने आताची पद्धत योग्यच आहे, पण सहा महिने आधी घेतलेल्या तिकिटात तुमचं भांडवल सहा महिने अडकतं. क्रेडिट कार्डावर व्याज भरून हा धंदा करू नये. कार्यक्रम रद्द झाला तर विक्रीही रद्द होते. नुसता पुढे ढकलला तर विक्री कायम राहते आणि तुमचे पैसे नव्या तारखेपर्यंत थांबतात.

सगळ्यात जास्त लोक पोळतात ते तिकीट पोहोचवताना. मूळ तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीच्या 'सेफटिक्स' या मोबाइलवरच्या तिकिटांचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो. स्क्रीनशॉट पाठवून चालत नाही, तिकीट अ‍ॅपमधूनच हस्तांतरित करावं लागतं. काही आयोजक हे हस्तांतर कार्यक्रमाच्या तोंडावर खुलं करतात, काही अजिबात करू देत नाहीत. हे खरेदीच्या वेळी अटींमध्ये लिहिलेलं असतं, तेव्हा ते विकत घेण्याआधी वाचा. तिकीट वेळेत पोहोचलं नाही तर स्टबहब विक्रेत्याला पैसे देत नाहीच, शिवाय गिऱ्हाइकाला पर्यायी तिकीट देण्याचा खर्चही त्याच्या कार्डावर टाकू शकतं. तेच तिकीट दोन ठिकाणी लावलं आणि दोन्हीकडे विकलं गेलं, तरी हेच होतं. स्वतः अजून विकतच न घेतलेलं तिकीट विकायला काढणं म्हणजे तर हा दंड स्वतःहून मागून घेणं.

भाव का कोसळतो, तेही समजून घ्या. तिकिटं संपली की आयोजक दुसरा दिवस जाहीर करतात आणि कालची टंचाई आज उरत नाही. मंच उभा राहिला की कॅमेरा आणि ध्वनियंत्रणेसाठी राखून ठेवलेल्या जागांपैकी काही मोकळ्या होतात आणि छापील किमतीला विक्रीला येतात, तीही अनेकदा तुमच्या तिकिटापेक्षा पुढची. शेवटच्या दिवशी सगळे विक्रेते एकमेकांच्या खाली भाव लावतात. खर्चाच्या खाली कितीपर्यंत जायचं हा आकडा आधीच ठरवा आणि कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधीपासून टप्प्याटप्प्याने उतरा.

कायद्याकडे काणाडोळा करणाऱ्यांना हे संकेतस्थळ वाचवणार नाही. आयर्लंडमध्ये २०२१ च्या कायद्याने ठरावीक कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये २०१८ पासून मूळ खर्चावर १० टक्क्यांची मर्यादा आहे. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने बॉट (आपोआप तिकिटं घेणारे प्रोग्रॅम) वापरून खरेदीची मर्यादा ओलांडणं बेकायदा आहे. बॉट न वापरता अनेक खात्यांवरून मर्यादेबाहेर घेतलेली तिकिटंही मूळ विक्रेता रद्द करू शकतो, आणि ती आधीच विकून बसला असाल तर भरपाई तुमच्याकडूनच मागितली जाते.

आजारपणामुळे किंवा कामामुळे जाता येत नाही म्हणून दोन तिकिटं विकायची असतील, तर स्टबहब चांगलं आहे: गिऱ्हाईक भरपूर, पैसे सुरक्षित. तरी आयोजकाने छापील किमतीत फेरविक्रीची सोय दिली असेल तर आधी ती वापरा, तुमच्या तिकिटावर खरा चाहता आत जाईल. नफ्यासाठी मात्र आम्ही ५ पैकी २ गुण देतो. १५ टक्के कमिशन, महिनोन्‌महिने अडकणारं भांडवल आणि एका चुकलेल्या हस्तांतरात दहा विक्रींचा नफा जाण्याची भीती, एवढं पेलण्याइतका फरक फार थोड्या तिकिटांत सुटतो.