यूएक्स रिसर्चच्या 'हमखास नोकरी'त माझे १,९१,४९९ रुपये गेले

यूएक्स रिसर्च, म्हणजे लोक एखादं ॲप किंवा उपकरण कसं वापरतात याचा अभ्यास, शिकवून हमखास नोकरी देतो म्हणणाऱ्या एका संस्थेने मला फसवलं. आधी आकडे सांगते, म्हणजे "नक्की किती गेले?" हे परत परत ऐकायला नको. नोंदणीचे ४,९९९. कोर्सची फी १,६८,०००, तीही कर्जावर. आणि शेवटी 'कागदपत्र पडताळणी व ऑनबोर्डिंग'च्या नावाखाली १८,५००, जे पहिल्या पगारासोबत परत मिळणार होते. एकूण १,९१,४९९. नोकरी नाही, एकही मुलाखत नाही. सर्टिफिकेट मिळालं, पण त्याची रद्दीसुद्धा घालता येत नाही, कारण ते पीडीएफ आहे.

पद्धत तुम्हाला माहीत आहे. फुकट वेबिनार, मग समुपदेशकाचा फोन, मग 'तुमची प्रोफाइल शॉर्टलिस्ट झाली', मग शेवटच्या दोन जागा. ते सगळं उगाळत बसत नाही. मला 'सोपे पैसे' नको होते हे मात्र सांगायलाच हवं, कारण लोक तेच गृहीत धरतात. मी बरीच वर्षं कस्टमर सपोर्टमध्ये आहे. लोक कुठल्या स्क्रीनवर अडकतात, कुठलं बटण शोधत बसतात, हे रोज कानांनी ऐकते. त्यातून यूजर रिसर्चकडे वळावंसं वाटलं, यात हावरटपणा कुठे आला?

वेबिनारमध्ये सांगितलेलं खरं होतं, हीच तर गोम. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ विमानांची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. उतरल्यावर पायलट फ्लॅपच्या (पंखांच्या हलत्या पट्ट्यांच्या) खटक्याऐवजी चाकांचा खटका ओढायचे आणि विमान पोटावर बसायचं. दोन्ही खटके शेजारी, दिसायला सारखे. आल्फॉन्स चापॅनीस या मानसशास्त्रज्ञाने चाकांच्या खटक्याला चाकाचा आणि फ्लॅपच्या खटक्याला फ्लॅपचा आकार सुचवला. पायलटला दोष देण्याआधी रचना तपासा, हा ह्यूमन फॅक्टर्सचा, म्हणजे माणसाच्या क्षमता आणि चुका धरून रचना करण्याच्या शास्त्राचा, पाया. ऐकून मी भारावले. कोण नसतं भारावलं?

आता पैसे भरायची स्क्रीन बघा. वर लाल घड्याळ: 'ही फी आणखी १४ मिनिटं'. पेज पुन्हा उघडलं की परत १४. खाली भलंमोठं हिरवं बटण, 'सीट निश्चित करा'. त्याखाली पांढऱ्यावर फिकट करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ, की हे दाबताच तुम्ही फायनान्स कंपनीचा कर्ज करार मान्य करता. समुपदेशक फोनवरच होता: "मॅडम, ओटीपी आला असेल, तो टाका, मी होल्डवर आहे." मला सांगितलं होतं 'विनाव्याज हप्ते'. प्रत्यक्षात ७,००० चे २४ हप्ते, माझ्या नावावरचं वैयक्तिक कर्ज. कोर्स बंद पडला तरी कर्ज बंद पडत नाही. कुठलीही संस्था फीचे हप्ते 'करून देते' म्हणाली, तर करार कोणाशी आहे ते आधी वाचा, आणि फोन ठेवून वाचा.

कहर म्हणजे दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी डार्क पॅटर्न, म्हणजे वापरणाऱ्याला फसवणाऱ्या स्क्रीनरचना, शिकवले! यूएक्स तज्ज्ञ हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये हे नाव कसं रूढ केलं, खोटी घाई म्हणजे काय, खोटं काउंटडाउन कसं ओळखायचं. मी वहीत सगळं नीट उतरवून घेतलं. तेव्हाही ते लाल घड्याळ आठवलं नाही.

पण ज्या क्षणाचा आजही संताप येतो, तो वेगळा. 'लाइव्ह प्रोजेक्ट' म्हणून औषध देणाऱ्या इन्फ्यूजन पंपावरच्या १२ मुलाखतींचे लेखी उतारे दिले. खऱ्या कंपनीचे, गोपनीय वगैरे. मी वाचायला घेतले. सहभागी क्रमांक ४ म्हणतो, 'इंटरफेस सोपा आहे, मात्र अलार्मचा प्राधान्यक्रम स्पष्ट नाही.' सहभागी क्रमांक ९ अक्षरशः तेच म्हणतो. बाराजणांत एकही अडखळत नाही, कोणी 'थांबा, काय दाबू?' विचारत नाही, कोणी विषय सोडून घरचं सांगत नाही. माणसं अशी बोलतात? मी दिवसभर माणसंच ऐकते! खरा माणूस 'छान आहे, छान आहे' म्हणतो आणि चुकीचंच बटण दाबतो, म्हणून तर हे काम अस्तित्वात आहे. मी मेंटॉरला विचारलं, मूळ रेकॉर्डिंग ऐकायला मिळेल का. उत्तर आलं, "गोपनीयता करार आहे." आणि मी गप्प बसले. तेव्हा १८,५०० भरायचे बाकी होते. निदान तेवढे तरी वाचले असते.

बनवेगिरीची दुसरी खूण त्याच प्रोजेक्टमध्ये होती. पंपाच्या अंतिम चाचणीला 'पाच वापरकर्ते पुरेत' असं शिकवलं. पाचाचा आकडा यूजेबिलिटी (वापरसुलभता) तज्ज्ञ जेकब नीलसन यांचा, आणि तो रचना सुधारत असताना पटापट दोष शोधण्यासाठी आहे. वैद्यकीय उपकरणाच्या अंतिम चाचणीसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना प्रत्येक वापरकर्ता गटातून किमान १५ जण सांगतात. नर्स वेगळा गट, घरी पंप वापरणारा रुग्ण वेगळा. शिकवणाऱ्याला हे माहीत नसेल, तर त्याने हे काम कधी केलेलं नाही. मेंटॉरला पहिल्याच भेटीत विचारा: तुमच्या अभ्यासात कोणाला घेतलं, कसं निवडलं, आणि काय चुकलं? काम केलेला माणूस शेवटच्या प्रश्नावर अर्धा तास बोलेल.

आणि ते सर्टिफिकेट! 'आयएसओ प्रमाणित ह्यूमन फॅक्टर्स इंजिनिअर'. असं काही नसतं, लिहून ठेवा. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संस्था मानकं तयार करते. कोणाला प्रमाणपत्र देणं हे तिचं कामच नाही. आयईसी या दुसऱ्या मानक संस्थेचं ६२३६६-१ हे मानक वैद्यकीय उपकरण बनवणाऱ्याने कोणती प्रक्रिया पाळावी ते सांगतं, तुमच्या-माझ्या नावावर ते चढत नाही.

आता तक्रारीची कहाणी. सायबर हेल्पलाइनवर विचारलं, "ओटीपी कोणी टाकला?" मी. "मग हे अनधिकृत नाही." बँक म्हणाली, फायनान्स कंपनीशी बोला. फायनान्स कंपनी म्हणाली, आमचा संबंध फक्त कर्जाशी, हप्ता चुकला तर क्रेडिट स्कोअर पडेल, आणि तो पाडलाही. पोलीस ठाण्यात साहेबांनी फाइल उलटीसुलटी करून विचारलं, "क्लास झाले ना? व्हिडिओ बघितले ना? मग फसवणूक कसली? दिवाणी दावा लावा." बाजूचा हवालदार हसत म्हणाला, "शिकलेल्या बायका पण फसतात." ऑनलाइन तक्रारीची स्थिती एक दिवस अचानक 'निकाली' झाली. काय निकाल लागला, ते कुठेच लिहिलेलं नाही. पुन्हा तक्रार करायला गेले तर उत्तर, या विषयावर आधीच तक्रार नोंद आहे! त्या पोर्टलवर पुरावा जोडायचं बटण अर्ज सादर केल्यानंतर दिसत नाही, आणि आधी दिसतं तेव्हा फाइलची मर्यादा इतकी लहान की कर्जाचा करारसुद्धा मावत नाही. हे ज्याने बनवलं त्याने एकाही फसलेल्या माणसाला समोर बसवून ते वापरायला सांगितलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

"मॅडम, तुम्हीच बटण दाबलं." सगळीकडे हेच. पायलटलाही हेच म्हणायचे, खटका तूच ओढलास.

या क्षेत्रात यायचंच असेल, तर या. मानसशास्त्र, डिझाइन, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकलेले लोक येतात, माझ्यासारखे आडवाटेनेही येतात. पण नोकरी देणारा पैसे मागत नाही. पडताळणीचे, लॅपटॉपचे, अनामतीचे, कसलेच नाहीत. आणि एखादा लहानसा अभ्यास स्वतः करा, चारपाच खऱ्या माणसांसोबत, त्यांची परवानगी घेऊन. ते दाखवता येतं. माझ्या पीडीएफकडे कोणी ढुंकून बघत नाही.

तक्रार लिहिताना 'कोर्स निकृष्ट होता' असं लिहू नका, मी तेच लिहिलं आणि प्रकरण दिवाणी ठरलं. नंतर एका वकीलबाईंनी समजावलं: पैसे घेण्याआधी काय खोटं सांगितलं, ते तारीखवार लिहा. नसलेलं सर्टिफिकेट, नसलेली नोकरी, कर्जाला 'विनाव्याज हप्ते' म्हणणं. जाहिरातीचे, चॅटचे स्क्रीनशॉट पैसे भरायच्या आधीच काढून ठेवा. यांची पानं एका रात्रीत गायब होतात. माझ्याकडे त्या लाल घड्याळाचा स्क्रीनशॉट नाही. चॅट आहेत, त्यांवर नवा अर्ज दिलाय.