‘सही तुमची’ : नेतृत्वाच्या दोन दिवसांच्या वर्गाला जाऊन आले त्याबद्दल

कंपनीने पाठवलं म्हणून गेले. माणशी साडेअठरा हजार, वर जीएसटी, लोणावळ्याजवळ राहून-जेवून दोन दिवस. विषय होता ‘वैयक्तिक मूल्यं आणि नेतृत्व’. पैसे कंपनीचे असले तरी शनिवार-रविवार माझा गेला, तेव्हा चार शब्द लिहायचा हक्क माझा. संस्थेचं नाव देत नाही. असे वर्ग आता गल्लोगल्ली निघालेत आणि पत्त्यांचा कॅट सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो.

मी भोसरीत एका मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटी बघते. एकोणीस वर्षं झाली. हाताखाली चौदा माणसं.

आधी सोय सांगते, म्हणजे ते संपेल. खोल्या स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. पोहे चांगले, चहा बेताचा. हॉलमधला एसी असा की दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांनी शाली गुंडाळल्या होत्या. आम्ही चोवीस जण, त्यात बायका तीन.

पहिला अर्धा दिवस स्लाइडांवर गेला. टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं प्रकरण आलंच. १९८२ साली शिकागो भागात त्याच्या कॅप्सुलांमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात माणसं गेली, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. दहा कोटी डॉलरच्या वर फटका सोसला. कंपनीचं १९४३ सालचं एक पानी ध्येयपत्र होतं आणि त्यात पहिली जबाबदारी औषध वापरणाऱ्यांची होती, म्हणून निर्णय सोपा गेला, असं सांगितलं. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण स्लाइड १९८२ला थांबते. याच कंपनीच्या एका शाखेला २०१० साली लहान मुलांची पातळ औषधं दर्जाच्या तक्रारींवरून परत मागवावी लागली होती. ध्येयपत्र तेव्हाही तेच होतं. हे मी विचारलं तर ट्रेनर म्हणाले, “छान मुद्दा, ब्रेकनंतर घेऊ.” ब्रेकनंतर घेतला नाही.

एन्रॉन या अमेरिकन वीज-ऊर्जा कंपनीचं मात्र जमलं, आणि त्याचं श्रेय ट्रेनरचं नाही. पडद्यावर त्या कंपनीची चार मूल्यं आली: आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. खाली ओळ, ‘डिसेंबर २००१, दिवाळखोरी’. मागून लोट्याच्या केमिकल कारखान्यातले एक चिपळूणकर म्हणाले, “ही मंडळी आमच्या गुहागरला येऊन गेलीत हो.” मग दहा मिनिटं एन्रॉनचा दाभोळचा वीज प्रकल्प, महाग पडलेली वीज, २००१ मध्ये बंद पडलेली संयंत्रं. ज्यांच्या घरचं बिल त्यात होतं ते बोलत होते, त्यामुळे हॉल पहिल्यांदा जागा झाला.

आता पत्ते. साठ कार्डं, प्रत्येकावर एक मूल्य, वर इंग्रजी, खाली मराठी. साठातून वीस ठेवायची, वीसातून पाच, शेवटी दोन. ही युक्ती जुनी आहे. मिल्टन रोकीच नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अठरा-अठरा मूल्यांच्या दोन याद्या काढून लोकांना क्रम लावायला सांगितले होते. तिथूनच बहुधा हे सगळे कॅट निघाले.

मराठी भाषांतर ज्याने केलं त्याला एकदा भेटायचंय. ‘इंटेग्रिटी’खाली छापलंय ‘अखंडता’. अखंडता देशाची असते, माणसाची सचोटी असते. ‘अकाउंटेबिलिटी’खाली ‘उत्तरदायित्व’. आमच्या शॉपवर हा शब्द उच्चारला तर ऑपरेटर मापाचं गेज खाली ठेवून बघत बसेल. त्याला ‘कुणाच्या अंगावर?’ एवढं विचारलं की सगळं कळतं. हिशेब चोख ठेवणं, पडती बाजू घेणं, यातलं एकही कार्ड नव्हतं. आमच्या टेबलावर यावरून खरोखर वाद झाला आणि तो अख्ख्या सकाळपेक्षा उपयोगी होता. एका बँकेतले वसुली अधिकारी म्हणाले, त्यांच्या आईला ‘ट्रान्स्परन्सी’ ठाऊक नव्हती, पण वाण्याची वही ती दर पहिल्या तारखेला सगळ्यांदेखत वाचायची.

शेवटची दोन कार्डं निवडताना रांजणगावच्या एका प्लँट हेडने ‘कुटुंब’ ठेवलं. छान बोलले, मुलीच्या स्पर्धेसाठी मीटिंग कशी सोडली वगैरे. चहाच्या वेळी हेच गृहस्थ फोनवर कुणाला तरी सांगत होते, उद्या रविवारी दोन्ही शिफ्ट बोलवा, कारणं नकोत. ट्रेनरने ते ऐकलं असावं. परत बसल्यावर त्यांना शांतपणे विचारलं, “सर, हे कार्ड तुमच्या कुटुंबापुरतं आहे की कुटुंब असलेल्या सगळ्यांना लागू?” हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ट्रेनरला मी त्या एका वाक्यासाठी पाचपैकी चार देते.

मी ‘सचोटी’ ठेवलं होतं. क्वालिटीवाली बाई दुसरं काय ठेवणार?

मग संध्याकाळी कागद वाटले. प्रश्न एकच: या मूल्यापायी तुम्हाला शेवटचं नुकसान कधी झालं? तारीख, नुकसान किती, तेव्हा समोर कोण होतं ते लिहा. आणि दुसऱ्या बाजूला: या मूल्याला शेवटची मुरड कधी घातलीत? वीस मिनिटं. बोलायचं नाही.

पहिली बाजू मी भरभर लिहिली. कागद उलटला आणि २०१९चा मार्च आठवला.

महिनाअखेर, त्यातून वर्षअखेर. ६४० नगांचा लॉट, बत्तीस मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं भोक, वर पंचवीस मायक्रॉनची मुभा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जे आत जाता कामा नये ते नो-गो गेज आत जात होतं. म्हणजे बोअर मोठा झालेला, आणि मोठा झालेला बोअर लहान करता येत नाही. इन्स्पेक्शनला एक काका होते, रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं. त्यांनी लॉटला नापासाचा लाल टॅग लावून बिन बाजूला ओढला होता. गाडी गेटवर उभी. वरून फोनवर फोन. मी पंधरा-वीस नग स्वतः मोजले, दहा-पंधरा मायक्रॉन जास्त भरत होते. मनाशी म्हटलं, असेंब्लीत बसेल. मापाबाहेरचा माल सोडायच्या डेव्हिएशन नोटवर ‘वापरण्यास योग्य’ लिहिलं. गिऱ्हाइकाची परवानगी आधी घ्यायची असते. ती मेल उद्या टाकू म्हटलं आणि टाकली नाही.

काकांनी टॅग काढला. काढताना वर बघितलंही नाही. म्हणाले, “मॅडम, तुम्ही सांगताय म्हणून सोडतो. पण सही तुमची.”

पुढे काय झालं? काहीच नाही. एक नग परत आला नाही, तक्रार नाही, मेल नाही. आणि तिथेच सगळं बिघडलं, हे मला त्या हॉलमध्ये शाल पांघरून बसल्यावर कळलं. एप्रिलअखेर प्रॉडक्शनचा सुपरवायझर दुसऱ्या लॉटसाठी आला तेव्हा म्हणाला होता, “मागच्या वेळी सोडलं होतंत की, ताई.” मी त्याला झापलं होतं. त्याचं चुकलं काय होतं? माझं मूल्य काय आहे हे तो भिंतीवरच्या पाटीवरून शिकला नव्हता, मार्चच्या त्या सहीवरून शिकला होता. नंतर दोन वर्षं मला वाटत राहिलं की माझी माणसं ढिली पडलीत. नवीन पोरं तर टॅग लावायच्या आधी मला विचारायला यायची, ‘लावू का?’

या एका तासासाठी पूर्ण पैसे वसूल. बाकीचे पंधरा तास त्याच्याभोवतीची सजावट.

चुकलेली मोठी गोष्ट अशी की मूल्यं एकमेकांना आडवी येतात, हे कुणी नीट सांगितलंच नाही. शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्यं गोलात मांडली. शेजारची एकमेकांना धरून राहतात, समोरासमोरची भांडतात. यश आणि परोपकार समोरासमोर येतात, सुरक्षितता आणि स्वतःच्या मनाने वागणंही. तो गोल स्लाइडवर होता! “जेवण थांबलंय” म्हणून पुढे ढकलला. माझा मार्च त्या गोलात पूर्ण बसला असता. माझ्या सचोटीला कुणी लाच देऊन हरवलं नव्हतं. साहेबांना दिलेला डिस्पॅचचा शब्द पाळायचा होता, आणि तेही कार्ड माझ्या पहिल्या पाचात होतंच.

दुसरी तक्रार उदाहरणांची. सगळी अमेरिकेची, आणि आपला म्हणून रामशास्त्री, तेही एका ओळीत. चिंतामणराव देशमुख का नाहीत? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रात अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायच्या निर्णयावरून १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनीही खातं सोडलं. एकाने धोरण पटलं नाही म्हणून, दुसऱ्याने आपल्या हाताखाली घडलं म्हणून. दोन राजीनामे शेजारी ठेवले असते तर तासभर चर्चा रंगली असती आणि भाषांतराची गरजही पडली नसती.

दुसरा दिवस ‘माझं नेतृत्वाचं वचनपत्र’ लिहिण्यात गेला. रंगीत खडू दिले होते. त्याबद्दल काही लिहीत नाही.

कुणी जावं? नुकतंच प्रमोशन झालेल्याने जाऊ नये. त्याच्याकडे कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला अजून काही नसतं. दहा-पंधरा वर्षं माणसं सांभाळलेल्याने जावं, आणि शक्यतो आपल्या साहेबाबरोबर एकाच बॅचमध्ये जाऊ नये. मी एकटी होते म्हणून खरं लिहिलं. आयोजकांनी हे आधी विचारायला हवं. आमच्या बॅचला एका कंपनीतले तिघं वरपासून खालपर्यंत एका ओळीत आले होते, त्यांचे कागद कोरेच होते.

सोमवारच्या सकाळच्या मीटिंगमध्ये मी मार्चची गोष्ट चौदा जणांना सांगितली. नावं न घेता सुरू केली, पण काकांचं नाव घ्यावंच लागलं, कारण निम्म्यांना ती ठाऊक होती. नुसती ठाऊक नाही, नगांच्या आकड्यासकट. सगळ्यात नवीन पोराने विचारलं, “मॅडम, परत गाडी गेटवर असली तर?” टॅग तू लावायचास, वर फोन मी करीन, एवढंच बोलले. त्याने मान डोलावली. विश्वास बसल्यासारखी वाटली नाही.

मार्च यायला अजून चार महिने आहेत.